काळ्या वाळूवरचे उंदीर, टॉवरखालच्या चिमण्या

१९६० च्या दशकाची सुरुवातीची वर्षे. केरळच्या किनाऱ्यावर, कोल्लमच्या उत्तरेला, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या जीवशास्त्रज्ञांचे एक पथक उंदरांच्या मागावर होते. नींडकरा ते कायमकुळम हा साधारण ५५ किलोमीटर लांबीचा आणि जेमतेम अर्धा किलोमीटर रुंदीचा पट्टा. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला खाऱ्या पाण्याची सरोवरे, मध्ये माडांच्या बागा आणि कोळ्यांची घरे. पायाखाली काळी वाळू. ती वाळू किरणोत्सारी होती, आणि माणसे, गुरे, कोंबड्या, उंदीर पिढ्यान्‌पिढ्या तिच्यावरच नांदत आले होते. पथकाला हवे होते ते घरांच्या आढ्यांवर आणि माडांवर सरसर चढणारे काळे उंदीर.

या वाळूचे मोल जगाला कळले ते काथ्यामुळे. १९०९ मध्ये शॉमबर्ग नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञाला त्रावणकोरहून आलेल्या काथ्याला चिकटलेल्या कणांत मोनाझाइट सापडले. त्या काळी युरोपातले रस्ते आणि घरे गॅसबत्तीवर उजळत, आणि बत्तीच्या मँटलला थोरियम लागे. केरळच्या मोनाझाइटमध्ये थोरियम ऑक्साइडचे प्रमाण आठ ते दहा टक्के. कन्याकुमारीजवळ मणवाळकुरिची येथे आणि पुढे चवऱ्याला वाळू चाळण्याचे कारखाने निघाले. विजेच्या दिव्यांनी मँटलचा धंदा बसवला. अणुयुगाने त्याच वाळूला पुन्हा भाव आणला. १९५० मध्ये इंडियन रेअर अर्थ्स ही कंपनी उभी राहिली ती याच खनिजासाठी.

पथकाचे प्रमुख हान्स ग्रूनेबर्ग हे मूळचे जर्मन. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आल्यावर ज्यू म्हणून देश सोडावा लागला आणि आनुवंशिकीतज्ज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन यांच्या बोलावण्यावरून ते लंडनला आले. (हेच हॉल्डेन १९५७ मध्ये भारतात येऊन राहिले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले.) ग्रूनेबर्ग यांनी उमेदीची वर्षे प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या सांगाड्यांतले आनुवंशिक दोष शोधण्यात घालवली होती. हाडांवरून वंशाचा इतिहास वाचणारा याहून तयारीचा माणूस तेव्हा शोधूनही मिळाला नसता.

किरणांनी जीवाच्या वंशात बदल होतात ही गोष्ट तोवर सिद्ध झालेली होती. १९२७ मध्ये अमेरिकेत हर्मन मुलर यांनी फळमाश्यांवर क्ष-किरण सोडून दाखवले होते की त्यांच्या संततीत उत्परिवर्तने कितीतरी पटींनी वाढतात. त्याबद्दल १९४६ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पण मुलर यांच्या माश्यांना मिळालेली मात्रा जबर होती आणि थोड्या वेळात मिळालेली होती. रोज थोडीथोडी, जन्मभर, आणि शेकडो पिढ्या मिळणारी मात्रा काय करते? प्रयोगशाळेत याचे उत्तर मिळवायचे तर एक आयुष्य पुरणार नाही. केरळच्या किनाऱ्यावर मात्र निसर्गानेच तो प्रयोग हजारो वर्षे चालू ठेवला होता.

आणि त्यासाठी उंदीर उत्तम. त्याची पिढी काही महिन्यांत पालटते, माणसाची पंचवीस वर्षांत. तो लांब जात नाही. ज्या घरात जन्मला त्याच्या आसपासच मरतो. त्याला धूम्रपान, औषधपाणी, मुंबईला नोकरी, यांतले काही नसते. पथकाने पट्ट्यातल्या गावांतून उंदीर पकडले आणि पट्ट्याबाहेरच्या, साध्या मातीच्या गावांतूनही पकडले. मग कामाचा खरा किचकट भाग. प्रत्येक उंदराचा सांगाडा स्वच्छ करायचा आणि भिंगाखाली घ्यायचा. कवटीत नसा आणि रक्तवाहिन्या जाण्यासाठी बारीक छिद्रे असतात. एखाद्या उंदरात उजवीकडे एक छिद्र असते आणि डावीकडे दोन. एखाद्या मणक्याची कमान पुरती जुळलेली नसते. एखादे हाड शेजारच्या हाडाला चिकटलेले असते. अशा वैगुण्यांनी उंदराचे काही बिघडत नाही, तो सुखाने जगतो. पण ती वंशातून उतरतात, आणि वंशात उत्परिवर्तने साचत गेली तर त्यांचे प्रमाण हलायला हवे. गावोगावच्या उंदरांत ही वैगुण्ये किती, याची मोजणी झाली आणि काळ्या वाळूवरच्या गावांची बाहेरच्या गावांशी तुलना झाली.

१९६६ मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने हा अहवाल आपल्या विशेष मालिकेत छापला. किरणोत्साराकडे बोट दाखवता येईल असा एकही फरक पथकाला सापडला नव्हता.

या ‘नाही’चा अर्थ नीट समजून घ्यायला हवा, कारण पुढे याच ठिकाणी भल्याभल्यांची गल्लत झाली. किरणांनी उंदरांत उत्परिवर्तने होतच नाहीत असे अहवालाने म्हटले नाही. झालेली उत्परिवर्तने हाडांपर्यंत येऊन दिसावीत इतकी साचत नाहीत, एवढेच त्यातून निघते. घातक बदल घेऊन जन्मलेले पिल्लू लवकर मरते आणि त्याच्याबरोबर तो बदलही जातो. ग्रूनेबर्ग यांनी प्रश्न मर्यादित ठेवला, त्याला साजेशी मोजपट्टी निवडली, तुलनेसाठी दुसरी गावे घेतली आणि जे सापडले तेवढेच सांगितले.

केरळच्या या पट्ट्याकडे जगाचे लक्ष वळले त्यामागे एक राजकीय घटना होती, आणि एका मराठी डॉक्टरचाही वाटा होता. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरातल्या बिकिनी बेटावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. तिची राख एका जपानी मासेमारी नौकेवर पडली, खलाशी आजारी पडले, आणि जपानच्या बाजारांत आलेले ट्यूना मासे किरणोत्सारी निघाल्यामुळे फेकून द्यावे लागले. २ एप्रिलला पंडित नेहरूंनी लोकसभेत अणुचाचण्या थांबवण्याचे आवाहन केले. त्यानंतर भारत सरकारने अणुस्फोटांच्या परिणामांवर एक पुस्तक तयार करवले. १९५६ मध्ये ते प्रसिद्ध झाले. त्याचे मुख्य काम दौलतसिंह कोठारी यांनी केले, आणि त्यांच्या मदतीला होमी भाभा आणि डॉ. वसंत रामजी खानोलकर होते.

खानोलकर हे विकृतिशास्त्रज्ञ. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात कर्करोगाच्या पेशी ओळखण्याचे काम त्यांनी उभे केले आणि १९५२ मध्ये निघालेल्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरचे ते संचालक झाले. डिसेंबर १९५५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी किरणोत्साराच्या परिणामांचा अभ्यास करणारी १५ देशांची वैज्ञानिक समिती नेमली, तीत भारत होता आणि भारताची बाजू खानोलकर सांभाळत होते. चाचण्यांची धूळ जगभर पसरत असताना थोड्या किरणोत्साराने नेमके काय होते हे कोणाला ठाऊक नव्हते. अशा वेळी आपल्याच किनाऱ्यावर लाखभर माणसे पिढ्यान्‌पिढ्या त्यात राहतात ही माहिती मोलाची होती. १९५९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी असे भाग अभ्यासावेत अशी शिफारस केली. ट्रॉम्बेच्या अणुऊर्जा संस्थेचे जीवशास्त्रज्ञ पट्ट्यात मोजणीला उतरले, आणि लंडनचे पथकही त्याच लाटेत आले.

पुढे माणसांवरचे अभ्यास झाले आणि चित्र अधिकच गुंतागुंतीचे झाले. १९७६ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतल्या डॉक्टरांनी पट्ट्यात डाऊन सिंड्रोमची मुले जास्त असल्याचे ‘नेचर’मध्ये लिहिले, त्यांच्या मोजणीवर आक्षेप आले. २००२ मध्ये पीटर फॉर्स्टर आणि सहकाऱ्यांना तिथल्या कुटुंबांत आईकडून मुलांकडे जाणाऱ्या डीएनएत जास्त बदल आढळले. २००९ मध्ये करुनागप्पळ्ळी तालुक्यातल्या जवळपास ७० हजार लोकांच्या सरासरी दहा वर्षांच्या पाहणीत कर्करोगाचे प्रमाण वाढलेले दिसले नाही. म्हणजे डीएनएत खुणा आहेत आणि आजारात त्या दिसत नाहीत. दोन्ही निष्कर्ष खरे असू शकतात.

चेर्नोबिलच्या जंगलातही हाच अनुभव आला. १९८६ च्या अपघातानंतर तिथल्या पाकोळ्यांच्या पिसाऱ्यात पांढरे ठिपके वाढले, पक्ष्यांचे मेंदू सरासरीने लहान निघाले, असे अँडर्स मोलर आणि टिमोथी मूसो यांनी दाखवले. २०१५ मध्ये दुसऱ्या एका गटाने हिवाळ्यात बर्फातल्या मागांची केलेली मोजणी प्रसिद्ध केली, तीत माणूस निघून गेलेल्या त्या मुलखात सांबरवर्गीय प्राणी आणि रानडुकरे इतर अभयारण्यांइतकीच भरली, आणि लांडगे तर कितीतरी जास्त. एका जनावराला काय होते आणि एका जातीचे काय होते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

इथवरची गोष्ट आयनकारी किरणांची झाली. थोरियमच्या साखळीतून निघणारा सर्वात जोरकस गॅमा किरण सुमारे २६ लाख इलेक्ट्रॉन व्होल्टचा असतो. पेशीतल्या रेणूचा इलेक्ट्रॉन उडवायला दहा-बारा इलेक्ट्रॉन व्होल्ट पुरतात. उलट ९०० मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या मोबाइलच्या लहरीचा एक कण एका इलेक्ट्रॉन व्होल्टच्या दहा लाखाव्या भागाच्या चौपटीपेक्षाही कमी ऊर्जेचा. दोघांत अंतर सुमारे सातशे अब्ज पटींचे. म्हणून मोबाइलची लहर डीएनएची साखळी थेट तोडू शकत नाही. ती ऊती किंचित तापवते, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो पुढचा. उष्णतेखेरीज ती सजीवाला आणखी काही करते का? विशेषतः पृथ्वीच्या चुंबकक्षेत्रावरून दिशा ओळखणाऱ्या पाखरांना आणि मधमाश्यांना?

भारतात पहिला मोबाइल वाजला ३१ जुलै १९९५ रोजी. कोलकात्याहून मुख्यमंत्री ज्योती बसूंनी दिल्लीत केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांना फोन केला. दहा-पंधरा वर्षांत इमारतींच्या गच्च्यांवर, शेतांच्या बांधांवर टॉवर उभे राहिले. त्याच काळात लोकांच्या लक्षात आले की चिमण्या दिसेनाशा झाल्या आहेत. खिडकीच्या वरच्या फटीत, फोटोच्या मागे, पंख्याच्या वाटीत घरटे करणारी, बाळाला घास भरवताना हाक मारायची ती चिमणी. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांनी नेचर फॉरएव्हर सोसायटी काढून लाकडी घरटी घरोघर पोचवली आणि २० मार्च २०१० ला पहिला जागतिक चिमणी दिवस साजरा झाला. दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या की एक दुसरीचे कारण वाटते. टॉवर आले, चिमण्या गेल्या. लोकांनी दोहोंची सांगड घातली.

त्याला परदेशातला थोडा आधारही होता. स्पेनमधल्या वायादोलिद शहरात अल्फोन्सो बाल्मोरी यांनी पांढऱ्या करकोच्यांची घरटी पाहिली. टॉवरपासून २०० मीटरच्या आतल्या घरट्यांत दर जोडीमागे सरासरी ०.८६ पिल्ले, आणि ३०० मीटरच्या पलीकडच्या घरट्यांत १.६. बेल्जियममध्ये एव्हरार्ट आणि बाउवेन्स यांनी २००६ च्या वसंतात सहा वस्त्यांतल्या १५० ठिकाणी हातात मीटर घेऊन लहरींची तीव्रता मोजली आणि तिथेच किती नर चिमण्या चिवचिवतात तेही मोजले. तीव्रता जास्त तिथे नर कमी भरले. हा प्राथमिक अभ्यास आहे असे त्यांनी स्वतःच लिहिले. टॉवर दाट वस्तीत असतात. दाट वस्तीत झाडोरा कमी, किडे कमी, फटी कमी. तीव्रतेच्या आडून चिमणीला दुसरेच काही छळत असू शकते. आणि ब्रिटनमध्ये चिमण्यांची घसरण १९७० च्या दशकातच सुरू झाली होती, मोबाइल लोकांच्या खिशात येण्याच्या कितीतरी आधी. लेस्टरमधल्या अभ्यासात पिल्लांना भरवायला किडे पुरेसे मिळत नाहीत हे प्रमुख कारण पुढे आले.

मधमाश्यांची कथा आणखी बोलकी आहे. २०१० मध्ये चंडीगडच्या पंजाब विद्यापीठातल्या वेदप्रकाश शर्मा आणि नीलिमा कुमार यांनी चार मधपेट्या घेतल्या. दोन पेट्यांत चालू मोबाइल ठेवले, तिसरीत फोनची नुसती प्रतिकृती, चौथी मोकळी. फेब्रुवारी ते एप्रिल, माश्यांचा भर असतो त्या दिवसांत, ठरलेल्या वेळी फोन चालू केले. पेटीच्या दाराशी बसून किती कामकरी माश्या बाहेर पडतात, किती परततात, पायांना पराग लावून किती येतात, हे मोजले. चौकटी उचलून राणीमाशीने किती अंडी घातली ते पाहिले. फोनच्या पेट्यांत अंडी घटली, मध आणि पराग घटले, वसाहत खंगली. ‘करंट सायन्स’मध्ये तो निबंध आला आणि जगभर गाजला. प्रयोगाची मांडणी स्वच्छ होती, पण पेट्या चारच होत्या, आणि फोन होता पेटीच्या आत. माळावरच्या टॉवरची लहर मधपेटीपर्यंत पोचते तेव्हा ती कितीतरी क्षीण झालेली असते.

दक्षिणेतल्या मधपाळांना मात्र याहून मोठा घाला आठवत होता. १९९१-९२ मध्ये केरळमधून थाई सॅकब्रूड नावाचा विषाणू पसरला आणि तामिळनाडू, कर्नाटकासह दक्षिणेतल्या सातेरी माश्यांच्या बहुतेक वसाहती बसल्या. अळी कोशात जाण्याआधीच फुगून पाण्याच्या पिशवीसारखी होई आणि मरे. पेटी उघडली की आत शुकशुकाट. देशात तेव्हा एकही मोबाइल टॉवर नव्हता.

या पार्श्वभूमीवर ३० ऑगस्ट २०१० रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने एक समिती नेमली. पक्षी आणि मधमाश्यांसह वन्यजीवांवर दूरसंचार टॉवरांचा काय परिणाम होतो, हे तिने सांगायचे होते. अध्यक्ष होते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे संचालक डॉ. असद रहमानी. निवड योग्य होती, कारण नाहीशा होणाऱ्या पाखरांचा माग कसा काढायचा याचा ताजा अनुभव त्या संस्थेच्या गाठीशी होता. भरतपूरला गिधाडे कमी होत आहेत हे संस्थेच्या विभू प्रकाश यांनी मोजून दाखवले होते. मग मेलेल्या गिधाडांची चिरफाड झाली. आतल्या अवयवांवर युरिक ॲसिडचे पांढरे थर दिसले, मूत्रपिंडे निकामी झालेली आढळली. २००४ मध्ये पाकिस्तानात काम करणाऱ्या लिंडसे ओक्स यांच्या गटाने त्या मूत्रपिंडांत डायक्लोफिनॅक हे गुरांना देतात ते वेदनाशामक शोधले, ते गिधाडांना खाऊ घालून तसाच मृत्यू होतो हे सिद्ध केले, आणि २००६ मध्ये भारताने गुरांसाठी त्या औषधाच्या उत्पादनावर बंदी घातली. मेलेल्या पाखरापासून औषधाच्या बाटलीपर्यंतचा पुरावा सलग होता.

चिमण्यांच्या बाबतीत तसे काही झाले नाही. समितीला ना पाखरे दिली गेली, ना मीटर, ना हंगाम. तिने जगभरचे प्रसिद्ध अभ्यास चाळले. ९१९ शोधनिबंध, त्यांतले ५९३ परिणाम होतो म्हणणारे, १८० होत नाही म्हणणारे. पण या ढिगात पक्ष्यांवरचे निबंध होते अवघे ३० आणि मधमाश्यांवरचे ७. बहुतेक सगळे माणसांवरचे. भारतातल्या चिमणीबद्दल, मैनेबद्दल, सातेरी माशीबद्दल आपल्या मातीत केलेली मोजणी जवळजवळ नव्हतीच. समितीनेही हे लपवले नाही; अभ्यास तोकडे आहेत, देशात ते व्हायला हवेत, तोवर सावधगिरी बाळगावी, असे तिने म्हटले. वर्तमानपत्रांत मात्र ५९३ हा आकडा गेला आणि सात हा आकडा गेला नाही.

आयआयटी मुंबईचे प्राध्यापक गिरीश कुमार यांनी डिसेंबर २०१० मध्ये टॉवरांच्या लहरींवर दूरसंचार विभागाला स्वतंत्र अहवाल दिला होता. ९ ऑगस्ट २०१२ रोजी पर्यावरण मंत्रालयाने सल्ला काढला की असलेल्या टॉवरपासून एक किलोमीटरच्या आत नवा टॉवर उभारू नये. १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरांच्या लहरींची कमाल मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आली. ९०० मेगाहर्ट्झला दर चौरस मीटरमागे ४.५ वॅटऐवजी ०.४५ वॅट. माणसाच्या दृष्टीने ही सावधगिरी चांगलीच. चिमणीसाठी ०.४५ वॅट पुरेसे सुरक्षित आहे का, की ४.५ देखील निरुपद्रवी होते, हे सांगणारे पान मात्र कोरेच राहिले. सरकारने निबंध मोजले, पाखरे मोजली नाहीत.

अशा मोजणीतून काय हाती लागते हे २०१४ मध्ये जर्मनीतल्या ओल्डेनबुर्गने दाखवले. तिथल्या विद्यापीठात रॉबिन पक्षी स्थलांतराच्या हंगामात लाकडी खोपट्यांत ठेवले तर त्यांना दिशाच उमगत नसे, आणि वर्षानुवर्षे कोणाला कारण सापडेना. हेन्रिक मोरिट्सन यांच्या गटाने खोपट्यांना आतून ॲल्युमिनियमचे पत्रे ठोकले आणि ते जमिनीला जोडले. पाखरे लगेच योग्य दिशेला फडफडू लागली. जोडणी काढली की पुन्हा भांबावत. सात वर्षे, कोणत्या खोपट्यात पत्रे जोडलेले आहेत हे पाखरांची निरीक्षणे घेणाऱ्यांना न सांगता, हे प्रयोग चालले. दिशाभूल करणाऱ्या लहरी निघाल्या ५० किलोहर्ट्झ ते ५ मेगाहर्ट्झच्या, म्हणजे मध्यम लहरींच्या रेडिओच्या आणि शहरातल्या विद्युत उपकरणांच्या पट्ट्यातल्या. मोबाइलच्या लहरी त्याहून कितीतरी वरच्या. पाखरांवर परिणाम होतो हे नक्की ठरले, आणि आरोपी दुसराच निघाला.

प्रयोगशाळेतही २०१८ मध्ये असाच अनपेक्षित निकाल आला. अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाने मोठ्या जातीच्या उंदरांना गर्भावस्थेपासून आणि लहान उंदरांना जन्मानंतर, दोन वर्षांपर्यंत, रोज एकूण नऊ तास, मोबाइलच्या लहरींत ठेवले. सुमारे ३ कोटी डॉलर खर्च झाला. मोठ्या जातीच्या उंदरांतल्या नरांच्या हृदयात गाठी होतात याचा स्पष्ट पुरावा मिळाला. माद्यांत आणि लहान उंदरांत तसा मिळाला नाही. शिवाय लहरींत राहिलेले नर बिनलहरींच्या नरांपेक्षा जास्त जगले. मात्रा माणसाला फोनवरून मिळते त्याहून खूप वरची होती. यातला एकच तुकडा उचलून कोणताही पक्ष आपले म्हणणे सिद्ध करू शकतो, आणि दोन्ही पक्षांनी तेच केले.

त्याच वर्षी नोव्हेंबरात हा वाद भारताच्या चित्रपटगृहांत पोचला. कावेरीकाठच्या कुंभकोणमचे दिग्दर्शक शंकर यांच्या ‘२.०’ या तमिळ चित्रपटात पक्षिराजन नावाचा म्हातारा पक्षितज्ज्ञ टॉवरला गळफास लावून घेतो आणि पुढे पाखरांच्या वतीने सूड घेतो. चित्रपट टॉवरांविषयी अवैज्ञानिक गोष्टी पसरवतो अशी तक्रार मोबाइल कंपन्यांच्या संघटनेने सेन्सॉर मंडळाकडे केली. कोट्यवधी लोकांनी तो पाहिला. चिमणीला टॉवरने मारले, हे त्यानंतर अनेकांना सिद्ध झाल्यासारखेच वाटू लागले.

शंकर यांच्या गावापासून कावेरीच्या काठाने वर गेले की तिरुवैयारु लागते. त्यागराजांची समाधी तिथे आहे.  चिमणीचे गणित समजायला ही जागा मुंबईपेक्षा बरी. गावाला टेकून भातशेती. जुन्या घरांना कौले, लाकडी वासे, मध्ये आकाशाला उघडा चौक. कौल आणि वासा यांच्यामधली बोटभर फट ही चिमणीची हक्काची खोली. चौकात पाखडलेल्या भाताचे दाणे, शेतात पिल्लांसाठी अळ्या. घर पाडून काँक्रीटचा स्लॅब पडला की फट जाते. भात गिरणीत जाऊन पिशवीतून आला की चौकातले दाणे जातात. शेतावर कीटकनाशक पडले की अळ्या जातात. आणि बहुधा त्याच दहा-वीस वर्षांत स्लॅबवर टॉवरही येतो. या चारांपैकी कोणी किती चिमण्या नेल्या, हे नुसत्या डोळ्यांनी वेगळे काढता येत नाही.

२०२० मध्ये ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा अहवाल आला. हजारो पक्षिनिरीक्षकांच्या नोंदींवरून त्यात दिसले की देशभराचा विचार करता गेल्या पंचवीस वर्षांत चिमण्यांची संख्या साधारण टिकून आहे. मुंबई, चेन्नई, दिल्ली, कोलकाता, बेंगळुरू आणि हैदराबाद या सहा महानगरांत मात्र ती हळूहळू घटते आहे. टॉवर आता खेड्यापाड्यांतही आहेत. तेच एकमेव कारण असते तर खेड्यांतली चिमणीही गेली असती. त्यामुळे टॉवर निर्दोष ठरत नाहीत. पण चिमणीवर खरी माया असेल त्याने आधी कौलातल्या फटीकडे आणि शेतातल्या अळीकडे पाहावे, असे हे आकडे सुचवतात.

पुढचा प्रश्न तर दाराशी आलाच आहे. १ ऑक्टोबर २०२२ रोजी भारतात ५जी सुरू झाले. त्यासाठी लिलाव झालेल्या पट्ट्यांत २६ गिगाहर्ट्झचाही पट्टा आहे. त्या लहरीची लांबी सेंटीमीटरभर, मधमाशीच्या अंगाच्या मापाची. २०१८ मध्ये आर्नो थिलेन्स आणि सहकाऱ्यांनी मधमाशी, टोळ अशा कीटकांची त्रिमितीय प्रतिरूपे संगणकात घालून हिशेब केला. एकूण शक्तीतला दहा टक्के भाग ६ गिगाहर्ट्झच्या वर सरकला, तर कीटकाच्या अंगात शोषली जाणारी शक्ती तीन ते ३७० टक्क्यांनी वाढते असे निघाले. हा संगणकातला हिशेब आहे, जिवंत माशीवरचा नाही. पण तो कुठे पाहायचे ते नेमके सांगतो.

आणि पाहण्याची साधने आज हाताशी आहेत. कोणता टॉवर कुठे आहे, त्याच्या लहरी मर्यादेत आहेत का, हे दूरसंचार विभागाच्या २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘तरंग संचार’ या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. चिमण्यांच्या नोंदी पक्षिनिरीक्षक रोज करतात. कोइम्बतूरला सालिम अली यांच्या नावाची पक्षिविज्ञान संस्था आहे. पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था आहे. तिरुवैयारुसारखी, एकीकडे कौले आणि एकीकडे स्लॅब, एकीकडे फवारलेली आणि एकीकडे न फवारलेली शेते असलेली गावे कावेरीच्या खोऱ्यात ओळीने आहेत, आणि सातेरीच्या पेट्या कोकणात आणि महाबळेश्वरला आहेत. बेल्जियमच्या त्या दोघांनी केले तसे, विणीच्या हंगामात पहाटे हातात मीटर घेऊन फिरायचे, सोबत फटी आणि अळ्याही मोजायच्या, आणि ते चार-पाच वर्षे चालू ठेवायचे. २६ गिगाहर्ट्झचे अँटेना अजून बहुतेक गावांत लागलेले नाहीत. ते लागण्याआधीचे आकडे घ्यायचे असतील तर त्याला फार हंगाम उरलेले नाहीत.